हळूच परत आणायचं

रिक्षावाल्यानं मीटर टाकलं आणि आरशातून विचारलं, "बोला मावशी, कुठं?" आणि मैनाला सांगता येईना. वाशीच्या सेक्टर सतरामधून चष्म्याची काच बदलून ती निघाली होती. चष्म्याची पिशवी मांडीवर होती, आणि घर तर लख्ख दिसत होतं. सहाव्या मजल्यावरचा पॅसेज, दारापाशी सुनेनं ठेवलेला चपलांचा स्टँड, लिफ्टच्या आरशावर कुणीतरी किल्लीनं ओढलेला ओरखडा. नव्हतं ते फक्त या सगळ्याला असलेलं नाव. अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि खाली जमीनच लागावी, तसं तिला झालं. "सीधा घ्या," ती म्हणाली. रिक्षा निघाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या पाट्या ती वाचत गेली, जणू त्यातल्या एखादीवर आपला पत्ता असेल. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा तो म्हणाला, "मावशी, सीधा म्हणजे किती सीधा? पुढं हायवे हाय." तेवढ्यात, काही न करता, काही न आठवता, शब्द आपोआप तोंडात आला. "सानपाडा!" ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की त्यानं मान वळवून पाहिलं. "बरं बरं," तो म्हणाला, "ओरडता कशाला?"

घरी तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय होतं? पंधरा-वीस सेकंद. पण ती रात्री भाकऱ्या थापताना स्वतःची परीक्षा घेऊ लागली. तीस वर्षं तिनं वाशीच्या मासळी बाजारात टोपली मांडली होती. कोणत्या बाईला पापलेट लहान मुलासाठी हवं असतं, कुणाच्या नवऱ्याला बोंबील ओलाच लागतो, कोण भाव न विचारता फक्त माशाचे कल्ले उचलून बघतं, हे तिला तोंडपाठ असायचं. गिऱ्हाईक रस्ता ओलांडायच्या आत तिचा हात बरोबर माशावर गेलेला असायचा. मग वडील, आई, चार भाऊ, त्यांच्या बायका, सगळी नावं तिनं एकामागून एक म्हटली. सगळी होती. ती जरा निवांत झाली, आणि जेवायला बसलेल्या मुलाला, दीपेशला, म्हणाली, "सकाळचा डबा खाल्लास का रं?" त्यानं मोबाइलमधून मान वर न काढता सांगितलं, "खाल्ला, आई." नंतर केव्हातरी दीपेशनं मान वर काढली आणि त्याच्या बायकोकडे, मितालीकडे, पाहिलं. मितालीनंही त्याच्याकडे पाहिलं. फार थोडा वेळ. मैनाला कळलं की आपण तेच तिसऱ्यांदा विचारलंय. आणि ती नजर तिनं ओळखली. ओळखणारच, कारण एकोणीस वर्षांपूर्वी वाशी गावातल्या घरात तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, रोहिदासनं, असंच एकमेकांकडे पाहिलं होतं. जेवणाच्या ताटावरून, सासूच्या पांढऱ्या डोक्यावरून.

आठवड्याभरानं मिताली टॅब घेऊन आली. खारघरच्या कॉलेजात ती लॅब सांभाळायची, आणि कुठलीही अवघड गोष्ट सांगायची असली की आधी समोरच्याचा चहा झालाय का हे विचारायची. "आई, रागवू नका हां. आमच्या एका मॅडमच्या आई करतात. ऑनलाइन असतं. आठ आठवडे, साठीच्या पुढच्यांसाठीच. शांत बसायचं, श्वासाकडे लक्ष द्यायचं. मेंदूसाठी चांगलं, म्हणतात."

"मला काय झालंय?"

"काही नाही झालं. म्हणून तर आत्ता करायचं."

हे उत्तर मैनाला आवडलं. रोहिदास कोपऱ्यात पेपर वाचत होता. पेपरचं पान बराच वेळ उलटलं नाही.

सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी अकराला. त्या वेळी घरात कुणी नसायचं. रोहिदास तुर्भ्याच्या कारखान्यातून रिटायर झाल्यापासून रोज सकाळी वाशीच्या जेट्टीवर जायचा, भाच्याच्या होडीचं जाळं नीट करत बसायचा. टॅबच्या पडद्यावर बारा चौकोन, बारा म्हातारी तोंडं. काहींचं फक्त कपाळ, एकाच्या घरातला नुसता पंखा. शिकवणारी उन्नती तिशीच्या आतबाहेरची मुलगी होती. पहिल्या दिवशी तिनं पाच शब्द दिले, कात्री, आंबा, खिडकी, पोलीस, निळा, आणि थोड्या वेळानं परत विचारले. मैनाला तीन आले. देवजीभाई म्हणून वाशीचे एक धान्याचे व्यापारी होते, त्यांचा माइक कधी बंद नसायचा. ते म्हणाले, "बेन, हे केल्यावर विसरायचं बंद होईल ना? ग्यारंटी?" उन्नती हसली नाही. "ग्यारंटी मी देणार नाही, काका. संशोधन चालू आहे. लक्ष सुधारतं, झोप सुधारते, असं बऱ्याच जणांना वाटतं. आपण करून बघू." मैनाला ती तेव्हाच खरी वाटली. बाजारात मासळी ताजी आहे का विचारल्यावर जी बाई लगेच शपथ घेते तिच्याकडून मैनानं कधी माल उचलला नव्हता.

मग उन्नतीनं सगळ्यांना डोळे मिटायला लावले. श्वास आत, श्वास बाहेर. "मन भटकणारच," ती सांगत होती, "ते त्याचं कामच आहे. भटकलं म्हणून चिडायचं नाही, ओढायचं नाही. कुठं गेलं होतं ते नुसतं बघायचं, आणि हळूच परत आणायचं. हात धरून, प्रेमानं. कितीही वेळा गेलं तरी तितक्या वेळा." मैनानं डोळे उघडले. बाकीच्यांचे डोळे मिटलेले होते. आपण डोळे का उघडले ते तिला कळत होतं, पण कळलं आहे असं तिनं स्वतःला कळू दिलं नाही. ती उठली, पाणी प्याली, परत येऊन बसली. श्वास. नाकाच्या टोकाशी गार, बाहेर जाताना कोमट. आणि त्या कोमट हवेच्या मागोमाग एक मनगट आलं. सासूचं, राजाबाईचं. हाडकुळं, हिरव्या बांगड्यांच्या जागी नुसता गोंदणाचा ठिपका. ते मनगट धरून मैनानं तिला किती वेळा परत आणलं होतं, भर रस्त्यातून, लोकांच्या देखत, फरफटत! राजाबाई सारसोळ्याला निघायची, माहेरी. पूर्वी खाडीच्या बांधावरून पायवाट होती, तिला तीच वाट ठाऊक. बांध जाऊन तिथं सेक्टर झाले होते, रूळ आले होते, पूल आले होते, पण तिच्या पायांना ते कुणी सांगितलं नव्हतं. "कुठं चाललीस गो म्हातारे, मरायला?" मैना ओरडायची. एकदा मनगटावर चार बोटं निळी उठली. रोहिदासनं विचारलं तेव्हा मैनानं सांगितलं, खाटेला लागलं.

उन्नती दर वेळी तेच वाक्य म्हणायची, आणि दर वेळी ते मैनाला नव्यानं लागायचं. तिसऱ्या आठवड्यात खाण्याचा सराव होता. एखादा बारीक पदार्थ घ्यायचा, बेदाणा असेल तर बेदाणा, आणि पहिल्यांदाच पाहतोय असा पाहायचा, हुंगायचा, सावकाश चावायचा. घरात बेदाणे नव्हते. मैनानं डब्यातून एक सोडा काढला, सोललेली सुकवलेली कोलंबी, नखाएवढी, वाकडी, तांबूस. हुंगताच गच्चीवरचं ऊन नाकात शिरलं, आणि उन्हात पाय पसरून बसलेली राजाबाई. नातवाचं नाव गेलं होतं, नवरा मेलाय हे गेलं होतं, मैना कोण हेही कधीकधी जायचं. "तू कोनाची गो?" पण पुढ्यात कोलंबी टाकली की बोटं चालू. डोकं मोडायचं, साल ओढायची, काळा दोरा काढायचा, टोपलीत टाकायचं. एकही तुटायची नाही. त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर जे असायचं ते मैनानं कधी नीट पाहिलं नव्हतं. पाटी रिकामी झाली की आता हिला कुठं बसवायचं एवढाच विचार. आता सोड्याचा खारट तुकडा जिभेवर विरघळत असताना तिला वाटलं, ही म्हातारी तेव्हा पूर्ण तिथं होती. आपणच नव्हतो. पडद्यावर उन्नती विचारत होती, "मैनाताई, काय जाणवलं?" मैना म्हणाली, "खारट हाय," आणि तिला रडू आलं. देवजीभाई आपुलकीनं म्हणाले, "बेन, पानी प्या."

एकोणीस वर्षांपूर्वीच्या एका दुपारपर्यंत ती यायची आणि थांबायची. श्वास सोडून मन निघालं की आता त्याला एकच वाट सापडली होती, बाजारातून घरी येणारी. फेब्रुवारी. दीपेशची दहावी, तो क्लासला गेलेला. रोहिदास पहिल्या पाळीला. मैना पहाटे तीनला उठून मासळी आणायला भाऊच्या धक्क्यावर गेलेली, तिथून बाजार, दोनला घरी. पायांत गोळे. गरम पाण्यानं पाय धुऊन ती मधल्या खोलीत चटईवर आडवी झाली. बाहेरच्या दाराला रोहिदासनं मुद्दाम उंचावर कडी बसवली होती, राजाबाईचा हात पोचू नये अशी. त्या दिवशी ती कडी घातलेली नव्हती. इथं मैनाचं मन दर वेळी अडखळे. मी विसरले, असं तिनं सगळ्यांना सांगितलं होतं. पण ती विसरली होती का? का घराच्या आत येताना हात वर गेला, आणि खांद्यातून कळ आली, आणि हात खाली आला? एवढ्या वर्षांनी ते खरंच सांगता येत नव्हतं. हातानं काय केलं ते हाताला ठाऊक. पण पुढचं तिला पक्कं ठाऊक होतं. ती जागी होती. डोळे किलकिले होते. राजाबाईची पावलं, भेगाळलेली, रुंद, करंगळी बाहेर पडलेली, चटईच्या कडेनं गेली, दाराशी गेली, उंबऱ्यापाशी थांबली. आणि मैना उठली नाही. पाच मिनिटं, तिच्या मनात आलं. पाच मिनिटं कुनी मला हाक मारू नका. पंख्याकडे बघत ती पडून राहिली. पाचाची दहा झाली, दहाचा तास. झोप आली असती तर बरं झालं असतं, पण झोप आली नाही. घर एवढं शांत तिनं कधी ऐकलं नव्हतं, आणि ती शांतता तिला आवडली. हे सगळ्यांत वाईट होतं. ती तिला आवडली.

राजाबाई सानपाड्याच्या रेल्वे पुलाखाली सापडली, पडलेली. खुब्याचं हाड मोडलं होतं. एका फळवाल्यानं तिला सावलीत ठेवून पाणी पाजलं होतं. त्यानंतर ती चाळीस दिवस जगली, पण बोलली नाही. रोहिदास पाळीवरून आला की तिच्या तोंडाशी कान नेऊन बसायचा. "आये," म्हणायचा, "आये, काय तरी बोल." ती पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखी नुसती तोंड हलवायची. मैनानं त्या चाळीस दिवसांत तिची एवढी सेवा केली की गावातल्या बायका आपापल्या सुनांना तिचं उदाहरण देऊ लागल्या. "माझा डोला लागला," मैनानं सांगितलं होतं, आणि रोहिदास म्हणाला होता, "दमलेली असतेस. तुझा काय दोष?" ते वाक्य ती एकोणीस वर्षं गिळून होती. पुढं दीपेशला नोकरी लागली, त्यानं फ्लॅट बघितला, आणि बघावा तर नेमका सानपाड्यात. रिक्षात तोच एक शब्द का गेला, याचा विचार ती आता अकराच्या त्या अर्ध्या तासात करू लागली. तेव्हा विसरले म्हणाले ते खोटंही असेल. आता खरंच विसरतेय. आणि एक दिवस तीही दुपार जाईल, दुपारबरोबर तिच्यातलं जे काही आहे ते सगळं. आपण मोकळ्या होऊ. या विचारानं तिला बरं वाटायला हवं होतं. उलट तिला चोरी पकडली गेल्यासारखं वाटलं, आणि त्याहून वाईट, चोरीचा माल हातातून पाण्यात निसटून जातोय असं.

आठव्या आठवड्यात शेवटची चाचणी दुपारी ठेवली होती. मितालीनं रजा घेतली आणि ती शेजारी बसली. नवे पाच शब्द. मैनाला परत तीनच आले. "म्हंजे पास का नापास?" तिनं विचारलं. उन्नती म्हणाली, "तसं नसतं, मैनाताई. आहे तिथं आहात, हेही काही कमी नाही. सहा महिन्यांनी परत बघू. सराव सोडू नका." पडदा काळा झाला. त्यात दोघींची तोंडं दिसली. मितालीनं चहा केला, आणि दोन घोट घेतल्यावर मैना म्हणाली, "तुला एक सांगायचं हाय. तुलाच सांगायला पायजे, कारन पुढं तुझ्यावर येनार हाय."

तिनं सगळं सांगितलं. कडी, चटई, पंखा, शांतता. चहावर साय धरली. शेवटी मैना म्हणाली, "म्हनून आताच सांगून ठेवते. तुझ्यापन मनात कधी येईल, की जाऊ दे हिला. येईलच. मानूस हायस. तेव्हा तू मनाला लावून घेऊ नको. माझा तुझ्यावर राग नाय. मागनं हे सांगाया मला सुचंल का नाय, कोन जानं."

मितालीनं कप खाली ठेवला. तिचा चेहरा लाल झाला होता. "मला हे नको, आई."

"काय नको?"

"ही आगाऊ माफी. उद्या मी दमेन, चिडेन, ओरडेनसुद्धा तुमच्यावर. ते माझं मी बघेन. पण तुम्ही आधीच माफ करून ठेवलंत, तर त्या दिवशी मला चटईवरून उठायला कारण काय उरणार?"

एवढ्या वर्षांत आपल्यावर कुणी असं रागावलं नव्हतं, आणि या रागाची आपण वाट बघत होतो, हे मैनाला आत्ता समजलं. मिताली उठली, खिडकीशी गेली, परत आली. आवाज उतरला होता. "पप्पांना माहितेय हे?"

"नाय."

"मग मला कशाला सांगताय? आई तर त्यांची होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी मैनानं नऊवारी नीट चापून नेसली आणि चपला घातल्या. मिताली दारात आली. "मी सोडू स्कूटरवर?" "नको. चालत जाते." "फोन घ्या." फोन घेतला. ती रेल्वे पुलाखालून गेली. तिथं आता चार्जर आणि मोबाइलची कव्हरं विकणारा बसला होता. थोडी थांबली. पावलाखाली फरशी, मग डांबर, मग खडी. उन्नतीनं शिकवल्याप्रमाणे नव्हे, पण पाय टेकतो ते प्रत्येक ठिकाण तिला कळत होतं. मन एकदाही कुठं गेलं नाही. वाशी गावाच्या कमानीपाशी ओळखीची बाई भेटली, "काय गो मैने, चालत?" म्हणाली. मैना हसली आणि थांबली नाही. जेट्टीवर ओहोटीचा चिखल उघडा पडला होता, त्याचा तो जुना, खारा, कुजकट, आपला वास. रोहिदास एकटाच सिमेंटच्या कट्ट्यावर बसला होता, पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवून फाटलेली घरं विणत होता. तिला पाहून दचकला.

"तू? काय झालं? एकटी आलीस?"

"काय नाय झालं. बसते जरा."

ती बसली. धाप जाऊ दिली. मग जाळ्याकडे बघत म्हणाली, "त्या दिवशी माझा डोला लागला नव्हता."

कोणत्या दिवशी, हे त्यानं विचारलं नाही. त्याचा हात थांबला. मैनानं पुढचं सांगितलं, काल सांगितलं त्याहून कमी शब्दांत. आवडलेल्या शांततेपाशी आली तेव्हा तिला वाटलं हे तरी गाळावं, पण गाळलं नाही. बोलून झाल्यावर ती वाट बघत राहिली. तो उठून जाईल. हात उचलील, आयुष्यात कधी उचलला नव्हता, आज उचलला तरी चालेल. रोहिदास समोर बघत होता. चिखलावर बारीक खेकडे बाहेर येत होते, आत जात होते. पुलावरून गाड्यांचा आवाज एकसारखा येत होता. मग त्यानं घसा खाकरला, आणि पाण्याकडे बघतच विचारलं,

"जाताना काय बोलली का ती?"

मैनानं सगळ्याची तयारी केली होती, याची नव्हती. चाळीस दिवस त्या मुक्या तोंडाशी कान लावून बसलेला हा माणूस एकोणीस वर्षांत एकदाही हे विचारू शकला नव्हता. झोपलेल्या बाईला कोण विचारणार, ती काय बोलली म्हणून? आणि ती सांगू शकली नव्हती, कारण ऐकलं म्हणजे जागी होते. स्वतःला जपायला तिनं त्याच्या आईचे शेवटचे शब्द दाबून ठेवले होते. या जगात ते दुसऱ्या कुणाकडेच नव्हते, आणि तिच्याकडे तरी अजून किती दिवस? तिनं घाईनं आत पाहिलं, टोपलीत हात घालावा तसं. होते. जसेच्या तसे.

"बोलली," ती म्हणाली. "उंबऱ्यात थांबली. मागं वळून बगितलं माझ्याकडं. म्हनाली, नीज गो पोरी, दमलीस. मी जाऊन येतंय."

रोहिदासनं जाळं मांडीवरून बाजूला ठेवलं. दोन्ही तळवे गुडघ्यांवर टेकले.

"परत सांग," तो म्हणाला.

मैनानं परत सांगितलं, एकही शब्द न बदलता.